कणेरीचे सिद्धगिरी ग्रामजीवन संग्रहालय : घरातील जाणत्या माणसासोबत पाहण्याची जागा

बेळगावातून महामार्गाने कोल्हापूरकडे निघाले, की वंटमुरीचा घाट, संकेश्वर, तवंदीचा घाट आणि निपाणी असे एकेक मागे पडत कोगनोळीला राज्य बदलते, आणि कागल ओलांडून गोकुळ शिरगावच्या कारखान्यांपाशी आले, की कणेरी मठाकडे जाणारा रस्ता फुटतो. अंतर सुमारे १०० किलोमीटर. निपाणी-चिकोडीकडच्या माणसाला तर ते याहून पुष्कळ जवळ. काडसिद्धेश्वर परंपरेच्या या मठाच्या आवारातील सिद्धगिरी ग्रामजीवन संग्रहालय आमच्या सीमाभागातील अनेकांनी शाळेच्या सहलीत किंवा पाहुण्यांना दाखवण्याच्या निमित्ताने एकदा तरी पाहिलेले असते. मीही ते पूर्वी दोनदा पाहिले होते आणि दोन्ही वेळा दीड तासात बाहेर पडले होते. या खेपेस साडेचार तास लागले, आणि तरीही काही देखाव्यांपुढून घाईने यावे लागले, कारण या वेळी सोबत माझे मामा होते.

मामा खानापूर तालुक्यातले, वय ७८. त्यांच्या वडिलांनी सुतारकीवर घर चालवले. मामांनीही लग्नापर्यंत गावात तेच काम केले आणि पुढे बेळगावात लाकडी सामानाच्या कारखान्यात नोकरी धरली. आमच्या शेजारच्या अक्काही आल्या होत्या. त्यांचे माहेर बैलहोंगलकडचे, त्यामुळे शेतातील आणि स्वयंपाकघरातील वस्तूंची नावे त्यांना आधी कन्नडमध्ये आठवतात आणि मग मराठीत. चौथा माझा सातवीतला मुलगा. या चौघांच्या चालीने जे पाहणे झाले त्यावरून हे लिहीत आहे, आणि जाणाऱ्यांना माझे पहिले सांगणे हेच आहे, की घरात शेतीचे किंवा कसबाचे काम हाताने केलेले वडीलधारे माणूस असेल तर त्यांना घेऊन जा, आणि त्यांच्या पायांच्या वेगाने चाला.

संग्रहालयाविषयी थोडक्यात सांगायचे तर ते सुमारे ७ एकर उघड्या जागेत पसरलेले आहे आणि त्यात सुमारे ८० देखावे आणि ३०० च्या आसपास पुतळे आहेत. लोक त्याला सर्रास मेणाच्या पुतळ्यांचे संग्रहालय म्हणतात. प्रत्यक्षात पुतळे सिमेंटचे आहेत, आणि म्हणूनच ते झाडाखाली, अंगणात, विहिरीच्या काठावर ऊन-पाऊस सोसत उभे राहू शकतात. सुरुवातीला गुहेसारख्या भागात प्राचीन ऋषी आणि शास्त्रकारांच्या मूर्ती आहेत. मुलाने तेथे सुश्रुत आणि चरक यांची नावे शाळेत ऐकल्याचे सांगितले. आम्ही फार थांबलो नाही. गुहेतून बाहेर पडले की यंत्रे येण्यापूर्वीचे, आपल्या गरजा आपणच भागवणारे खेडे सुरू होते, आणि पाहण्यासारखे सर्व काही तेथे आहे.

या खेड्याचा कणा म्हणजे बलुतेदारी. सुतार, लोहार, कुंभार, चांभार, न्हावी, परीट, गुरव, जोशी, महार, मांग अशा कामकऱ्यांनी वर्षभर गावाची गरज भागवायची आणि सुगीला खळ्यावर धान्याच्या रूपाने आपला वाटा घ्यायचा, ही ती पद्धत. बारा बलुतेदारांची यादी गावोगाव थोडी बदलते. आमच्या भागातील कानडी खेड्यांत हीच व्यवस्था आयगार या नावाने होती, आणि तिच्या खुणा आडनावांत अजून शिल्लक आहेत. बडिगेर म्हणजे सुतार, कम्मार म्हणजे लोहार, कुंबार म्हणजे कुंभार, हडपद म्हणजे न्हावी, असे अक्का सांगू लागल्या तेव्हा माझा मुलगा जागीच थांबला. त्याच्या वर्गात या आडनावांची मुले आहेत आणि त्या शब्दांना अर्थ आहे हे त्याला प्रथमच कळत होते. समोर सुताराचा पुतळा नसता तर हे बोलणे निघालेच नसते.

सुताराच्या देखाव्यापाशी आम्ही सर्वांत जास्त वेळ थांबलो. मामांनी आधी पुतळ्याचे तोंड पाहिलेच नाही; ते वाकून त्याच्या पायांकडे पाहत राहिले. लाकूड तासताना ते पायाच्या अंगठ्याने आणि तळव्याने दाबून धरायचे असते आणि वाकसाचा, म्हणजे तासायच्या हत्याराचा, घाव पायाच्या दिशेने येत असतो. म्हणून नवशिक्याला वर्षभर वाकस हाती देत नसत, आधी नुसते लाकूड धरायला बसवत, असे ते म्हणाले. मग त्यांनी स्वतःच्या डाव्या पायाच्या अंगठ्याजवळचा जुना व्रण मुलाला दाखवला. मी तो पाय लहानपणापासून नमस्कारासाठी पाहत आले आहे. तो व्रण कशाचा हे मला त्या दिवशी समजले. वाकस, किंकरे, पटाशी, रंधा, करवत, भोक पाडायचा सामता अशी नावे मामा उच्चारत गेले आणि अक्का वाकसाला बाची, करवतीला गरगस, पटाशीला उळी अशी जोड देत गेल्या. मुलाने वहीच्या मागच्या पानावर दोन रकाने आखले.

पुढे बैलगाडी पाहताना मामांनी चाकाची जी हकीकत सांगितली ती येथे नोंदवणे मला आवश्यक वाटते, कारण एका चाकात दोन बलुतेदार कसे एकमेकांवर अवलंबून असत ते त्यातून स्वच्छ कळते. मधला तुंबा, त्यात ठोकलेले आरे आणि आऱ्यांवर गोलाकार बसवलेले पुठ्ठे, इथवरचे काम सुताराचे. त्यानंतर लोहार लोखंडी पट्टी वळवून धाव तयार करतो आणि तिचा घेर लाकडी चाकापेक्षा किंचित कमी ठेवतो. शेणी गोल रचून पेटवलेल्या जाळात ती लाल होईपर्यंत तापवली, की ताणून मोठी होते. मग दोघा-तिघांनी सांडशीने उचलून ती चाकावर बसवायची आणि लाकूड जळू लागताच भराभर पाणी ओतायचे. निवताना धाव आवळते आणि तिच्याबरोबर तुंब्यापासून पुठ्ठ्यापर्यंतचा प्रत्येक सांधा आवळला जातो. “तो आवाज ऐकूनच आमचा बाबा सांगायचा, बसली का न्हाई ते,” मामा म्हणाले. “घेर किती कमी ठेवायचा ते लोहाराच्या डोळ्याला ठावं. त्याचं चुकलं, की चाक मात्र आमचं फुटायचं.” लोहाराच्या देखाव्यात भाता, ऐरण आणि घण पाहताना हे वाक्य मनात असले, की तो पुतळा शेजारच्या सुताराशी जोडला जातो, आणि दोन वेगळ्या वाटणाऱ्या चौकटींतून एकच काम दिसू लागते.

या संग्रहालयाचे सर्वांत मोठे बळ मला येथेच दिसते. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात दिनकर केळकर यांनी आयुष्यभर गोळा केलेले दिवे, अडकित्ते, भांडी, दरवाजे पाहून मी भारावून गेले होते. त्या वस्तू खऱ्या आहेत, वापरून झिजलेल्या आहेत, आणि त्यांच्या घडणीला तोड नाही. पण त्या वापरणारे हात काचेच्या कपाटात नसतात. कणेरीत वस्तूंचे वय कोणी विचारणार नाही, मात्र हात, पाठ, मांडी, मानेचा झोक हे सारे तेथे आहे. कुंभार चाकापुढे कसा बसतो, दळणारी बाई एक पाय लांब करून दुसरा दुमडून का बसते, विहिरीचे पाणी काढणारी मोट हाकणारा बैलांसह उतरत्या वाटेवर कसा मागे-पुढे येतो, हे वर्णन वाचून कळत नाही. शरीराची ती ठेवण पाहिली, की कसब शरीरात किती खोल उतरलेले असते याची जाणीव होते. पुतळे घडवणाऱ्या कलावंतांनी सुरकुत्या, फुगलेल्या शिरा आणि भेगाळलेल्या टाचा यांवर घेतलेले कष्ट त्यासाठीच मोलाचे आहेत.

जात्यापाशी अक्कांनी ताबा घेतला. त्यांनी मुलाला जवळ बसवून खुंटा कोणत्या हाताने धरायचा आणि जात्याच्या तोंडात वैरण, म्हणजे दळायचे दाणे, कोणत्या हाताने सोडायची हे हवेतच करून दाखवले. जात्याची पाळी, म्हणजे दगडी तळी, गुळगुळीत झाली, की तिला पुन्हा टाकी लावून घ्यावी लागे आणि पहिले मूठभर पीठ कचकचीत येते म्हणून ते जनावराला घालत, असे त्यांनी सांगितले. जात्याला कन्नडमध्ये बीसुकल्लु, उखळाला ओरळु आणि मुसळाला ओनके. हा शेवटचा शब्द ऐकताच मुलगा म्हणाला, “ओनके ओबव्वा!” चित्रदुर्गच्या किल्ल्यात शिरणाऱ्या हैदर अलीच्या सैनिकांना मुसळाने टिपणारी ओबव्वा त्याने शाळेत शिकली होती, चित्रही पाहिले होते, पण तिच्या हातातील ती वस्तू घरोघरी भात सडण्यासाठी असायची हे त्याला ठाऊक नव्हते. मुसळाची लांबी त्याने स्वतःच्या उंचीशी ताडून पाहिली.

शेतीच्या भागात हे शब्दांचे येणे-जाणे आणखी दाट होते. मराठवाड्यात ज्याला तिफण म्हणतात आणि घाटावर कोठे कोठे पाभर, ते पेरणीचे अवजार आमच्याकडे कुरी म्हणून ओळखले जाते. कन्नडमध्ये त्याला कूरिगे म्हणतात, म्हणजे सीमेच्या दोन्ही बाजूंच्या शेतकऱ्यांनी अवजारही एकच वापरले आणि नावही जवळपास एकच. कुळवाला मात्र कुंटे असा वेगळा शब्द आहे. अक्का अडकित्त्याला अडकत्तरी म्हणतात. त्यातील अडके म्हणजे सुपारी, हे कळल्यावर घरात रोज ऐकलेला शब्द नव्याने ऐकल्यासारखा वाटला. मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषा ज्याच्या कानावर रोज पडतात अशा बेळगावच्या माणसाला हे संग्रहालय इतरांहून अधिक काही देऊ शकते, ते यामुळे.

चांभाराचा देखावा आमच्या भागातील लोकांनी विशेष लक्ष देऊन पाहावा. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले तेव्हा त्यात महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर या ४ जिल्ह्यांबरोबर कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर हे ४ जिल्हेही धरले गेले. अथणी आणि निपाणीच्या परिसरातील कारागिरांची ती पिढ्यान्‌पिढ्यांची विद्या आहे. बाभळीच्या सालीच्या पाण्यात कमावलेले कातडे, ते पातळ करणारी रापी, भोक पाडणारी आरी, आणि खिळा न वापरता कातड्याच्याच वादीने घातलेली शिवण, हे सर्व डोळ्यांपुढे ठेवून पुतळ्याच्या हातांकडे पाहिले, तर बाजारात भाव करताना आपण कशाचा भाव करतो हे लक्षात येते. मामांनी आपल्या पायातील चप्पल काढून कानाची शिवण मुलाला दाखवली. ती अथणीची होती.

आता जे खटकले, किंवा अधिक नेमके सांगायचे तर जे या माध्यमाने साधणारच नाही, तेही सांगते. पुतळा क्षण धरतो, क्रम धरत नाही. कुंभाराच्या हाताखाली मडके आकार घेताना दिसते, पण चाकावरून उतरवलेल्या ओल्या मडक्यात आतून दगडी गोळा धरून बाहेरून लाकडी थापीने ठोकत ते फुगवायचे, सावलीत वाळवायचे आणि मग आव्यात भाजायचे, हा बाकीचा प्रवास पाहणाऱ्याने स्वतः जोडायचा असतो. भात्याचा फुसकारा नाही, घणाचा ठोका नाही, घाण्याची कुरकुर नाही. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. हे खेडे नांदते, तृप्त आणि सुखी दिसते. परंतु बलुत्याच्या पद्धतीत मान सर्वांना सारखा नव्हता, आणि पेंढीसाठी खळ्यावर दिवसभर ताटकळणे काय असते हे ती पेंढी मागणाऱ्याच्या घरातच कळत असे. मामांनी हे फार शांतपणे सांगितले. “काम दाखवलंय ते खरं हाय, बाय. मागायला जाताना मान कशी खाली घालावी लागायची, ते कुठल्या पुतळ्यात येणार?” कारागिरीविषयी मनापासून आदर वाटत असतानाही मुलांना ही बाजू सांगणे सोबतच्या मोठ्या माणसांचे काम आहे, असे माझे मत आहे.

तरीही अशा प्रदर्शनात अवजारांकडे किती जाणतेपणाने पाहिले आहे हे महत्त्वाचे असते, आणि त्या कसोटीवर कणेरी मला मोठी वाटते. काही वर्षांपूर्वी आमच्याच जिल्ह्यात एका ठिकाणी भरलेल्या ग्रामीण वारशाच्या प्रदर्शनात मी एक कुरी पाहिली होती. तिला चकचकीत रोगण लावलेले होते, ती फण वर करून उलटी ठेवली होती, बी सोडायचे लाकडी चाडे तर हरवलेलेच होते, आणि चिठ्ठीवर फक्त ‘शेतीचे जुने अवजार’ एवढे लिहिले होते. चाड्यावर मूठ धरणे हे शेतकऱ्याच्या घरातील सर्वांत विश्वासाचे काम. बी सारखे पडले नाही तर वर्ष जाते. त्या लाकडी वाटीशिवाय कुरी दाखवणे म्हणजे कुरी न दाखवणेच होय. मी तेथील व्यवस्थापकांना तसे सांगितले, त्यांनी नम्रपणे ऐकून घेतले, आणि मी पुन्हा गेले तेव्हा कुरी तशीच उलटी होती. मला त्याचे फार वाईट वाटले होते आणि अजूनही वाटते.

बेळगाव जिल्ह्यात या विषयावरचे एखादे चांगले दालन उभे राहावे इतकी सामग्री निश्चितच आहे. कित्तूरच्या किल्ल्यातील संग्रहालय राणी चन्नम्मांचा आणि १८२४ च्या लढ्याचा इतिहास सांगते, आणि तो सांगितलाच पाहिजे. पण खानापूरची माती आणि तेथील कुंभारकाम इतके जाणले गेलेले, की खादी व ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकामाची प्रशिक्षण संस्था तेथे आहे. गोकाकची रंगवलेली लाकडी फळे-भाज्या आणि खेळणी घरोघरच्या मांडणीत असायची. शहापूर-वडगावच्या गल्ल्यांतून मागाचा खटखटाट ऐकत आमची पिढी वाढली. या कसबांचे जाणकार अजून हयात आहेत. त्यांना बसवून, त्यांच्या हातांची हालचाल चित्रित करून, प्रत्येक वस्तूखाली तिचे नाव मराठीत आणि कन्नडमध्ये, तिच्या भागांच्या नावांसह लिहिले गेले, तर दोन्ही भाषांतील मुलांना ती वस्तू आपली वाटेल. खर्चाच्या मानाने पाहिले तर हे सात एकरांचे काम नाही. एका खोलीत आणि एका वर्षात होण्यासारखे आहे, मात्र करणाऱ्याला चाडे म्हणजे काय ते ठाऊक असले पाहिजे.

जाणाऱ्यांसाठी काही व्यावहारिक गोष्टी. सकाळी लवकर पोहोचावे, कारण पाहण्याचा बहुतेक भाग उघड्यावर आहे आणि उन्हाळ्यात दुपारी वृद्धांना त्रास होतो. पावसाळ्याच्या शेवटी, भाद्रपद-आश्विनात, हिरव्या परिसरात हे खेडे सर्वांत सुंदर दिसते. चालणे बरेच आहे, त्यामुळे गुडघे दुखणाऱ्यांनी मध्ये मध्ये बसत जावे. आम्ही झाडांच्या सावलीत तीनदा बसलो आणि मामांच्या बहुतेक गोष्टी त्या बसण्यातच ऐकल्या. पाण्याची बाटली, टोपी आणि एक वही सोबत ठेवावी. मोबाइलवर छायाचित्रे काढण्याचा मोह मुलांना आवरत नाही, परंतु प्रत्येक पुतळ्याशेजारी उभे राहून छायाचित्र काढत गेले तर हात पाहायचे राहून जातात. मठाची गोशाळा पाहायची असेल तर दिवस पूर्ण मोकळा ठेवावा. शाळांनी सहल नेताना ५० मुलांच्या रांगेऐवजी दहा-दहांचे गट करावेत आणि प्रत्येक गटाबरोबर गावातील एक आजोबा किंवा आजी द्यावी, असे मी आमच्या शाळेत सुचवले आहे.

परतताना मुलाच्या वहीतील दोन रकाने मोजले. मराठीच्या बाजूला ४३ शब्द होते. कन्नडच्या बाजूला ३४. उरलेल्या ९ शब्दांत मोटेचे दोर म्हणजे नाडा आणि सोंदूर, तिचे पाणी पडायचे थारोळे, आणि चाकाचा तुंबा व पुठ्ठे हेही होते. अक्कांच्या माहेरी विहिरीवर मोट होती, पण ती पुरुष हाकत, म्हणून ते शब्द त्यांच्या तोंडी बसलेले नव्हते. पंचमीला त्या बैलहोंगलला जाणार आहेत, आणि वहीचे ते पान फाडून त्यांनी पिशवीत ठेवले आहे, थोरल्या भावाला विचारून भरून आणण्यासाठी.